वाट पाहणारी चाल

आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही बालवाडीला 'कॉन्व्हेंट' म्हणतात. नन वगैरे असण्याची गरज नसते. पाटीवर मिकी माऊस आणि मुलांच्या गळ्यात टाय असला की झालं कॉन्व्हेंट. अशाच एका कॉन्व्हेंटमध्ये मी केजी-टूला शिकवते. वैनगंगेच्या एका काठाला वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. दुसऱ्या बाजूला ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर. माझं येणं-जाणं त्या पुलावरून.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या मीटिंगमध्ये ठरलं की यंदा केजी-टूचं 'ग्रॅज्युएशन' करायचं. काळे गाऊन, झुपकेवाल्या टोप्या, लाल कार्पेट आणि मुलं एकेक करून आत येताना पियानो.

"मॅडम, तुम्हाला पियानो येतो ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पियानो कधी जवळून पाहिलेलाही नाही. पण आमच्याकडे कॅसिओलाच पियानो म्हणतात आणि बायोडाटात छंदाच्या रकान्यात मी 'कीबोर्ड' लिहिलं होतं. कुठे शिकले ते लिहिलं नव्हतं. माझे बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. दिवाळीनंतर, धान घरात आलं की आमच्या चार जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम लागतो. रात्री पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. वडशाच्या रस्त्यावर नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना हे जरा कळलं. पण शाळेत 'वडील काय करतात' असं विचारलं की मी 'शेती' सांगायचे. तेही खोटं नव्हतं.

तर, चाल शोधायला लागले. 'ग्रॅज्युएशन पियानो' असं टाकलं की पहिली येते एडवर्ड एल्गारची 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स'. १९०१ सालचं हे इंग्रजी लष्करी मार्च. नाव शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तलं, तेही युद्धाच्या थाटाबद्दल बोलताना आलेलं. १९०५ मध्ये येल विद्यापीठाने एल्गारना मानद पदवी दिली, तेव्हा समारंभ संपल्यावर मंडळी बाहेर पडताना ते वाजवलं. तिथून अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांनी ते उचललं. म्हणजे बाहेर जायची चाल पुढे आत यायची झाली. मला आवडली. भारदस्त होती. मी पियानोवरची एक फाईल उतरवून घेतली, दोन मिनिटं चाळीस सेकंदांची, आणि स्पीकरला जोडली. स्वतः वाजवण्याची जोखीम कशाला?

पहिल्या तालमीतच घोळ झाला. दारापासून खुर्चीपर्यंत एका मुलाला पंधरा सेकंद लागत होती. मुलं सव्वीस. साडेसहा मिनिटांचं काम आणि संगीत तीन मिनिटांचंही नाही, हा साधा हिशेब मी केला नव्हता. अकरावी मुलगी कार्पेटच्या मधोमध असताना फाईल संपली. ती थांबली. हॉलमध्ये एकदम शांतता. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मागची मुलं हसली. एक-दोन शिक्षिकाही हसल्या. मीही हसले, हे लिहायला नको वाटतं.

ती मुलगी आरटीईच्या जागेवर आलेली. आई-बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, दरवर्षी जातात. ती आजीजवळ राहते. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी गेले तर आजी अंगणात मोहफुलं वाळवत होती. म्हणाली, "ते म्हंते, माहं गानं सरलं."

त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं. फाईल ऐकवली. त्यांनी मन लावून ऐकली आणि विचारलं, "हे थांबवता येते का?"

"बंद करता येतं."

"बंद नाही वं. थांबवता येते का? पात्र अडलं तं तिथंच घुमवता येते का?"

मग म्हणाले, "नटाचं धोतर सुटे, कोनी बिडी फुकत बसे, तं मी का पेटी बंद करत होतो? तो येईपर्यंत घुमवाचं. आला का उचलाचं. लोकायले वाटलं पाह्यजे, का हे असंच होतं."

लहानपणी मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाबांची नजर कधी पट्ट्यांवर नसायची. ती कायम विंगेत असायची.

तबल्याच्या साथीला पेटीवर वाजवतात तो लेहरा असाच असतो. एका आवर्तनाची सुरावट, पुन्हा पुन्हा. तबलजी कुठेही भटकून येवो, लेहरा जागेवर सापडतो. तसं काही पियानोचं आहे का, म्हणून पुन्हा शोधायला बसले आणि पाखेलबेलचा 'कॅनन' सापडला. तीनेकशे वर्षांपूर्वीचा जर्मन संगीतकार. रचना मुळात व्हायोलिनसाठी, पण पियानोवर सर्रास वाजते. तिच्यात खालच्या पट्टीत आठ सूर आहेत आणि तेच अठ्ठावीस वेळा येतात. वर काय वाटेल ते होवो, खाली ते आठ सूर फिरतच राहतात. बाबांनी ऐकून नाटकाच्या जुन्या हँडबिलाच्या मागे सरगम लिहून दिली. सगळे शुद्ध स्वर. म्हणाले, "हा तं लेहराच आहे. डाव्या हातानं हेच धरून ठेव. उजवा हात पोट्ट्यांवर सोड."

मला माँटेसरीचा कोर्स आठवला. जमिनीवर लंबगोल रेषा आखायची, मुलांनी तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं आणि बाईंनी तीच चाल परत परत वाजवायची. 'ठेक्यावर चाला' असं सांगायचं नाही. कधीतरी मुलाचं पाऊल आपणहून ठेक्यावर पडतं. परीक्षेत मी यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ही पद्धत मराठी मुलांपर्यंत आणणाऱ्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत महागड्या साधनांऐवजी आसपास मिळेल ते वापरलं. माझ्या आसपास कॅसिओ होता आणि बाबा होते.

तालमीत आणखी एक गोष्ट कळली. पाच वर्षांचं मूल कार्पेटवरून एका वेगाने चालतच नाही. पहिली चार पावलं पळतं, मग आई दिसली की रेंगाळतं, टोपी घसरली की थांबतं. मी नोटेशनचा कागद बाजूला ठेवला आणि कॅसिओ फिरवून दाराकडे तोंड करून बसले. ती मुलगी परत आली होती. तिला जवळ बसवून म्हटलं, "तू खुर्चीवर बसेपर्यंत हे गाणं संपत नाही. बघ पाहिजे तर." तिने बघितलंच. मुद्दाम तीनदा थांबली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि मग हसून पळाली.

कार्यक्रम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाला. सकाळी नऊलाच गाऊनमध्ये मुलं घामाने निथळत होती. अकरावं नाव पुकारलं. ती आली, अर्ध्यात पोहोचली आणि थांबली. या वेळी मुद्दाम नाही. ती खुर्च्यांच्या रांगांमध्ये कुणालातरी शोधत होती. आई आलेली नव्हती, मिरचीचं काम संपलं नव्हतं. मी उजवा हात उचलला, डाव्याने आठ सूर फिरवत ठेवले. एक आवर्तन, दोन, चार. माइकवरच्या मॅडम मला हाताने 'चला, चला' खुणावत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सातव्या आवर्तनाला मागच्या रांगेत आजी उभी राहिली. पोरीने तिला पाहिलं, टोपी सरळ केली आणि चालायला लागली. मी उजवा हात खाली आणला.

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. एक पालक नंतर म्हणाले, म्युझिक छान होतं, कुठून डाउनलोड केलं?

बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मॅडमशी ओळख करून देताना मी म्हटलं, "हे माझे बाबा. नाटकात ऑर्गन वाजवायचे. मला यांनीच शिकवलं." मॅडम "अरे वा" म्हणाल्या आणि फोटोसाठी पुढे गेल्या.

पुलावरून घरी येताना बाबा गाडीवर मागे बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाचव्या आवर्तनात घाई केली तू."

"त्या मॅडम हात करत होत्या ना."

"तिकडं काहून पाह्यलं?"