पामतेल आणि सत्तावीस दारांचं घर

लहानपणी आमच्या वाणसामानाच्या यादीत 'रेशनचं पामतेल' अशी एक वेगळी ओळ असायची. थंडीत ते डब्यात तुपासारखं थिजायचं, मग आई डबा उन्हात ठेवायची. शेंगदाण्याचं तेल फोडणीला, पामतेल तळणाला अशी वाटणी होती. ते कुठून येतं हा प्रश्न कधी पडलाच नाही. रेशनच्या दुकानातून येतं, एवढं उत्तर पुरेसं होतं.

खरं उत्तर बघायला मिळालं 2007 साली. नोकरीच्या निमित्ताने तेव्हा मी मिरीला होतो. मिरी हे बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यातलं, म्हणजे मलेशियातलं गाव. हेही तेलाचंच गाव, पण जमिनीखालच्या. 1910 साली मलेशियातली पहिली तेलविहीर इथेच लागली. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक इबान मुलगा बसायचा. इबान म्हणजे सारावाकमधली सर्वात मोठी आदिवासी जमात. 1 जूनला त्यांचा सुगीचा सण असतो, गवाई. "एकटा काय बसतोस, चल आमच्याकडे," म्हणाला, आणि मी निघालो.

मिरी सोडलं आणि पाम सुरू झाले. पहिला अर्धा तास मला ते छान वाटले, खोटं कशाला बोलू? हिरवेगार, एका रांगेत, एका उंचीचे. दोन तासांनीही तेच, तेव्हा डोळे थकले. मध्ये ना गाव, ना देऊळ, ना टपरी. हे झाड मुळात पश्चिम आफ्रिकेतलं. 1848 साली जावा बेटावरच्या बोगोरच्या बागेत त्याची चार रोपं लावली, शोभेची म्हणून. आज जगातलं बहुतेक सगळं पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतं, आणि त्याचं सर्वात मोठं आयातदार गिऱ्हाईक आपण.

मित्राचं घर म्हणजे लाँगहाउस. एकाच छपराखाली अख्खं गाव. 'किती घरांचं गाव' असं तिथे विचारत नाहीत, 'किती दारांचं' असं विचारतात. हे सत्तावीस दारांचं होतं. प्रत्येक दारामागे एक कुटुंब आणि सगळ्या दारांपुढून जाणारी एक लांबच लांब सामाईक ओसरी. तिला ते रुआई म्हणतात. त्या रुआईवर चटया, भाताची दारू, पोरांचा गोंधळ आणि मध्यभागी मित्राची आजी. आजीला त्यांच्या भाषेत इनी म्हणतात. मीही इनीच म्हणू लागलो.

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे हे कळल्यावर इनीने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या जमिनीवरचं रान पहिल्यांदा कुणी तोडलं?"

मला प्रश्नच कळेना. मित्राने समजावलं. इबानांच्या रिवाजात ज्या घराने मूळ जंगल पहिल्यांदा तोडून भात पेरला, त्या जमिनीवर त्या घराचा हक्क. पुढे ती जमीन कितीही वर्षं पडीक राहो, तिथे पुन्हा रान माजो, हक्क त्यांचाच. अशा जमिनीला तेमुदा म्हणतात. जुन्या वस्तीच्या जागी लावलेली ड्युरियनची झाडं, पुरलेली माणसं, हे सगळे साक्षीदार.

मी म्हटलं, आमच्याकडे रान कुणी तोडलं ते कुणाला माहीत नाही. आमच्याकडे कागद असतो, सातबारा.

"कागद हरवला तर?"

"तलाठ्याकडे दुसरी प्रत असते."

हे भाषांतर ऐकून अख्खी रुआई हसली. इनी म्हणाली, "झाड बरं. झाड हरवत नाही."

दुसऱ्या दिवशी मित्राने मला टेकडीपलीकडे नेलं. तिथे उतार खरवडून काढलेला होता, लालभडक, आणि त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी पामची कोवळी रोपं. "इथे इनीची ड्युरियनची झाडं होती," तो म्हणाला. बुलडोझर आला तेव्हा हा मिरीत होता, माझ्या शेजारच्या टेबलावर. मला काही बोलला नव्हता.

हे कसं घडलं ते मला हळूहळू कळलं. 1990च्या दशकात सरकारने 'नवी संकल्पना' नावाची योजना आणली होती. कंपनीचा वाटा 60 टक्के, गावाचा 30, सरकारी संस्थेचा 10. गावाने घालायची ती जमीन, 60 वर्षांसाठी. मोबदल्यात नफ्यातला हिस्सा. कागदावर वाईट नव्हतं. पण 60 वर्षं म्हणजे सही करणाऱ्याचं उरलेलं आयुष्य आणि वर नातवाची तरुणाई. सत्तावीसपैकी पंधरा दारांनी सह्या केल्या, बारांनी नाही केल्या. आणि तेमुदाच्या हद्दी तर ओढ्यांवरून आणि झाडांवरून ठरलेल्या. बुलडोझरला कुठलं दार कुणाचं हे कसं कळणार?

कायदा काय म्हणतो? सारावाकच्या कायद्यात 1 जानेवारी 1958च्या आधी तयार झालेला पारंपरिक हक्क मान्य आहे. पण सिद्ध करायचा तो गावाने. म्हणजे जुनी फळझाडं, थडगी, जुने हवाई फोटो. झाडं गेली की पुरावा गेला. इनी ज्याला न हरवणारा कागद समजत होती, तो एका दुपारी हरवला. पुढे 2016 साली मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लागवडीखाली आलेली जमीन तुमची, पण गावाभोवतालचं राखलेलं जंगल, शिकारीचं, वेताचं, औषधाचं, त्याला कायद्याचं बळ नाही. त्यावर बराच गदारोळ झाला आणि 2018 मध्ये राज्याने कायदा बदलून काही सोय केली.

पण मला लक्षात राहिलं ते कोर्टाचं नाही, रुआईचं. सणाच्या रात्री सह्या केलेली दारं ओसरीच्या एका टोकाला बसली होती आणि न केलेली दुसऱ्या टोकाला. सख्खे चुलतभाऊ. मधल्या चटया रिकाम्या.

आमच्या गावाकडे पूर्वी इर्जिक असायची. आज माझ्या रानात सगळे, उद्या तुझ्या रानात सगळे, मजुरी नाही, फक्त जेवण. इबानांमध्येही अगदी तस्संच आहे, बेदुरूक म्हणतात. डोंगरउताराचं भात एकट्याच्याने होतच नाही. पामचं तसं नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी घड उतरवायचे आणि दोन दिवसांच्या आत गिरणीत पोचवायचे, नाहीतर तेलाची प्रत उतरते. घड साठवून ठेवता येत नाही, उकडून खाता येत नाही, शेजाऱ्याला उसना देता येत नाही. त्याला फक्त विकता येतं, आणि जवळ असेल त्याच गिरणीला, ती म्हणेल त्या भावाने. कंपनीच्या मळ्यावर राबायला माणसं आली इंडोनेशियातून, गावातली पोरं गेली मिरीला आणि बिंतुलूला. बेदुरूक मोडायला कुणी बंदी घातली नाही. तिचं कामच उरलं नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या मित्राने नंतर स्वतःच्या राहिलेल्या तेमुदावर स्वतः पाम लावला! मी चकित झालो तर म्हणाला, "रबराला भाव नाही, मिरपूड रोगाने जाते. पोराची फी कशाने भरू?" 2022 मध्ये भाव कडाडले तेव्हा त्याने त्याच पैशांत घराचं छप्पर बदललं. झाडाशी त्याचं भांडण नाही. न विचारता लावलेल्या झाडाशी आहे. मला हा फरक कळायला बरीच वर्षं लागली.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे पाम आपल्याकडेही येतो आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पामतेलाचं मिशन जाहीर केलं, 11,040 कोटींचं, मुख्य भर ईशान्य भारतावर आणि अंदमानवर. मिझोराममध्ये तर 2004-05 पासूनच झूम शेतीच्या उतारांवर पाम लागतो आहे. तिथेही जमीन गावाची, रिवाजाची. तिथल्या आज्यांना कुणी काय विचारलं असेल?

आणि मी तरी काय करणार? 2022च्या दिवाळीत आपल्या सरकारने शंभर रुपयांत शिधा दिला, रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना तो मिळाला आणि त्यांनी हौसेने चकल्या करून आणल्या. त्यांना काय सांगू, हे तेल वापरू नका? आमच्याही घरातलं तळण त्याच तेलावर झालं होतं.

चकल्या छान खुसखुशीत झाल्या होत्या. दोन खाल्ल्या. मग मित्राला फोन लावला, इनी गेल्यापासून लावलाच नव्हता. म्हटलं, ओसरीवर आता कसे बसतात रे? म्हणाला, "तसेच. पण पोरं मधून पळतात."