मृदू साधकाचा मार्ग

योगाचे मार्ग चार असे म्हटले की आज बहुतेकांच्या मनात कर्म, भक्ती, ज्ञान आणि राजयोग ही नावे येतात. ही मांडणी मुख्यतः स्वामी विवेकानंदांच्या व्याख्यानांतून रूढ झाली. मध्ययुगीन हठग्रंथांतही मार्ग चारच आहेत, परंतु ते मंत्र, लय, हठ आणि राज असे. शिवसंहितेने त्यांना अधिकारभेदाची, म्हणजे साधकाच्या पात्रतेनुसार साधना ठरवण्याची, जोड दिली आहे: मंद उत्साहाच्या ‘मृदू’ साधकाला मंत्रयोग, मध्यमाला लययोग, दृढ बुद्धीच्या ‘अधिमात्रा’ला हठयोग, आणि त्याच्याही वरच्या साधकाला सगळेच योग मोकळे. नामजप करणारा या उतरंडीत सर्वांत खाली बसतो.

ही उतरंड हठपरंपरेतच टिकलेली दिसत नाही. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत आसने, कुंभक (श्वास रोखणे) आणि मुद्रा यांचे वर्णन झाल्यावर शेवटच्या, म्हणजे चौथ्या उपदेशाचा मोठा भाग नादानुसंधानाला, म्हणजे आत उमटणाऱ्या ध्वनीवर चित्त लावण्याच्या लयसाधनेला दिलेला आहे, आणि ज्यांना तत्त्वबोध झेपत नाही अशा अडाण्यांसाठीही ही उपासना गोरक्षनाथांनी सांगितली, असे तिथे नमूद आहे. कान बंद करून बसलेल्या साधकाला आधी समुद्र, मेघ, भेरी यांसारखे स्थूल ध्वनी, मग शंख आणि घंटा, शेवटी वेणू, वीणा आणि भ्रमर यांचे सूक्ष्म ध्वनी ऐकू येतात, असा क्रम सांगितला आहे. प्रत्यक्ष अभ्यासात आरंभीची घरघर पुष्कळदा कानांवर दाबलेल्या बोटांच्या आणि हातांच्या स्नायूंचीच असते, आणि तिलाच अनाहत, म्हणजे आघाताविना उमटणारा, नाद समजून हुरळून जाणारे साधक कमी नाहीत. तरीही एका ध्वनीवरून त्याहून बारीक ध्वनीकडे सरकताना श्रवण जसे ताणले जाते तसा श्वास आपोआप मंदावतो, आणि कुंभकाच्या खटपटीत जे साधत नाही ते इथे अनेकदा सहज घडते.

कोणता मार्ग कोणासाठी, या प्रश्नाला महाराष्ट्रात वेगळे वळण मिळाले. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांना नाथपंथाची दीक्षा लाभली. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळ गीतेत नसलेली कुंडलिनीची जागृती येते, तीही आसन, बंध आणि देहात होणारे पालट यांच्या तपशिलासह. मात्र बाराव्या अध्यायात हेच ज्ञानेश्वर योगमार्गाचे कष्ट विस्ताराने वर्णितात, आणि हरिपाठात भावाविना योग-याग व्यर्थ ठरवून नाम सर्वांपुढे ठेवतात. हठ न झेपलेल्याची ही पळवाट म्हणता येत नाही, कारण त्या वाटेची खूण न् खूण ठाऊक असलेल्यानेच हा निवाडा दिला आहे; शिवसंहितेने मृदू साधकाला दिलेला मंत्र वारकऱ्यांनी कोणाचीही प्रत न विचारता सर्वांच्या मुखी दिला.

विसाव्या शतकात प्रतिष्ठा मिळाली ती हठाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘योगमीमांसा’ नियतकालिकातून उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे मोजून दाखवता आले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांतील देहरचनेला विलक्षण नेमकेपणा आणला. ही कामगिरी मोठीच आहे, पण जे मोजता येते आणि डोळ्यांना दिसते तेच शिकवले जाण्याची सवयही तिच्यासोबत जडली. जपाला वारीचा आणि भजनाचा आश्रय होता. लययोगाला तसा आश्रय उरला नाही, आणि योगवर्गांत त्याची आठवण म्हणून बहुधा अखेरीस घाईने उरकलेली भ्रामरीची, म्हणजे कान बंद करून भुंग्यासारखा गुंजारव करण्याची, चार-पाच आवर्तने तेवढी राहिली. त्या आवर्तनांनंतर लगेच न उठता, कान बंदच ठेवून, गुंजारव थांबल्यावर काय ऐकू येते याकडे साधकाला काही काळ लक्ष देऊ द्यावे, एवढा बदल कोणत्याही वर्गात करता येण्यासारखा आहे.