काकू, पित्तासाठी काय घेता?

मावशीला लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं. आणखी कुठली औषधं चालू आहेत, हे त्यांनी विचारलं होतं. तिने साखरेची ग्लिमेपिराइड आणि बीपीची गोळी सांगितली. तिच्या लेखी यादी तिथे संपली.

ती पुढे वाढली औषधाच्या दुकानात. काउंटरवरच्या फार्मासिस्ट बाईंनी प्रश्नच वेगळा टाकला, "काकू, पित्तासाठी काय घेता?"

"औषध नाही हो, कामदुधा. जेवण झालं की."

"हाडांसाठी?"

"कॅल्शियम. रात्री दुधाबरोबर."

मग अशक्तपणासाठीचं लोहासव निघालं, त्यामागून मेथीची पूड. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. मावशीच्या चेहऱ्यावर उलटतपासणी चालल्याचा भाव.

सिप्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त यांना पोटातच चिकटतं आणि मग आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. कामदुधात प्रवाळ, मोती, शंख, कवडी, म्हणजे बहुतेक कॅल्शियमच; वर गेरू, म्हणजे लोह. गोळी वेळेवर घेऊनही जंतूंपर्यंत पुरेसं औषध पोचणार नाही, हे बाईंनी समजावलं. अशा वस्तूंच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ही गोळी घ्यायची. सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा वेळा धरल्या तर मोकळे उरतात ते सकाळी नऊ ते दुपारी एक आणि रात्री नऊ ते एक. मावशीचं रात्रीचं कॅल्शियम नऊच्या आधीच व्हायचं, ते त्यात बसतच नव्हतं.

बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. कॅल्शियम दुपारच्या जेवणाला आलं. कामदुधा, लोहासव आणि मेथी कोर्स संपेपर्यंत बंद. मेथीचं कारण निराळं होतं. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या वयस्कर माणसाची साखर या अँटिबायोटिकने अचानक उतरू शकते, त्यात मेथीही साखर उतरवणारी. घाम सुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर तपासायची, असं डॉक्टरांनी बजावलं. कॉफीही कमी करायला सांगितली, कारण हे औषध कॅफिनचा निचरा लांबवतं आणि छाती धडधडते.

"झाडपाल्याने काय होतंय!" मावशी पुटपुटली. होतं की! मिरी-पिंपळीतल्या पायपरिनमुळे काही औषधं रक्तात जास्त उतरतात. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या यावरच्या संशोधनातून 2009 साली क्षयरोगावरची रिसोरिन ही गोळी बाजारात आली. तिच्यात रिफॅम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅमच असतं. तिथे हा परिणाम मोजून वापरला आहे. घरच्या चूर्णाच्या चमच्यात तो कोण मोजणार?

मावशीची शंका मात्र साधी होती. कॅल्शियम चिकटतं म्हणजे गोळीबरोबर दूधही बंद, मग जेवणातल्या ताकाचं काय? नुसत्या दुधाच्या किंवा ताकाच्या पेल्याबरोबर गोळी नको, भरल्या जेवणात वाटीभर ताक चालेल, असं उत्तर मिळालं. तेवढ्यावर ती राजी झाली आणि पिशवी उचलून निघाली.