दहा नंबरचं घर

मागच्या वर्षी आई-बाबा लंडनला आले. शनिवारी त्यांना टॉवर ब्रिज, बिग बेन दाखवलं. ब्रिटिश म्युझियम तर फुकटच! बाबा सगळीकडे नुसतं "छान आहे" म्हणत होते. रात्री हळूच म्हणाले, "अरे, बाबासाहेबांचं घर राहिलं की!"

इथे दोन वर्षं राहून मला पत्ताच माहीत नव्हता :(

रविवारी चॉक फार्म स्टेशनवर उतरून चालत गेलो. १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं.

बाबांनी भर थंडीत दाराबाहेर बूट काढले. मी फोटोसाठी काढलेला मोबाईल गपचूप खिशात ठेवला.

असो. आता पाहुणे आले की सुरुवात इथूनच!