बेलभंडार

आमच्याकडं देवाचं नाव उठताबसता तोंडात असतं. वाटेत कोणी भेटलं की 'राम राम', गळ्यात माळ असली तर 'राम कृष्ण हरी'. आई पहाटे जात्यावर बसायची तेव्हा पहिली ओवी देवाची, मग माहेरची. त्या नावानं कुणाचं काही घेतलं जात नव्हतं, म्हणून ते गोड लागायचं.

बेलभंडाराचं तसं नाही. खंडोबा म्हणजे महादेवाचाच अवतार, म्हणून बेलाचं पान. आणि जेजुरीहून आणलेली हळद, तो भंडारा. देवळात पंचांपुढं दोन्ही उचलून जो बोलेल त्याचं खरं. कागद नाही, वकील नाही. खोटा उचलला तर वंशाला दिवा राहत नाही, अशी समजूत. त्या भीतीवर गावाचा निम्मा न्याय चालायचा.

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या विहिरीला पाणी लागलं आणि बांधाला किंमत आली. शेजारचा दरसाल नांगराच्या एक-दोन तासांनी बांध कोरायचा. मी नववीत होतो. वडलांनी पंच बोलावले. शेजाऱ्यानं सरळ भंडारा उचलला. हात जरासुद्धा कापला नाही. पंच वडलांना म्हणाले, "आता तात्या तुम्ही उचला."

वडील पंढरीचे वारकरी. म्हणाले, "माळ घातली त्या दिवशीच खरं बोलायचं ठरलंय. दीड गुंठ्यासाठी देवाला साक्षीला उभा करणार नाही. सरकारी मोजणी आणा."

गावानं त्याचा अर्थ लावला, तात्याच खोटा. आई दोन दिवस जेवली नाही. मला शाळेत पोरं भंडारा दाखवून चिडवायची. मी चिडून वडलांना विचारलं, आपलं खरं होतं तर उचलला का नाही? ते म्हणाले, "खरं बोलायला देव लागत नाही रं. खोटं खपवायलाच लागतो."

तीन वर्षांनी मोजणी आली. साखळी पडली, हद्दीचा दगड शेजाऱ्याच्या उसात निघाला. जमीन परत मिळाली. शेजाऱ्याच्या घरचा दिवा काही विझला नाही; नातवंडं झाली, बंगला झाला. लोकांनी ते पाहिलं आणि भंडाऱ्याची भीती गेली.

आता ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत रात्री पाकीट देतात आणि वर भंडारा उचलायला लावतात. बाया-माणसं दोन्हीकडची पाकिटं घेतात, दोन्हीकडं उचलतात. देव बिचारा मतदान केंद्रावरचा एजंट झालाय. सप्ताहात स्पीकरचा आवाज एवढा की म्हाताऱ्यांना रात्रभर झोप नाही, आणि पावती फाडली नाही तर 'देवाच्या कामाला नाही म्हणतो' असा शिक्का.

तरी मी सप्ताहाला जातो. कारण तिथं वीणा असते. सात दिवस, रात्रंदिवस ती खाली ठेवायची नाही. पहाऱ्याप्रमाणं एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माझा पहारा रात्री दोन ते चार. देवळात कुत्रंसुद्धा नसतं. पाय भरून येतात. टेकलं तर कोण बघतंय? पण कोणी टेकत नाही.

माझ्यानंतरचा पहारा त्या शेजाऱ्याच्या थोरल्याचा. चारला तो येतो, आम्ही एकमेकांच्या पाया पडतो, मी वीणा त्याच्या गळ्यात घालतो. बांधाचं आम्ही कधी बोललो नाही. ह्या वर्षी नांगरताना मात्र त्यानं बांधाकडची दोन तासं आपल्या बाजूला सोडली.