रेशमाचे केस

आजोळी, रत्नागिरीकडे, मांजर म्हणजे उंदीर धरणारं, चुलीपाशी उबेला बसणारं, मासे साफ करताना पायांत घोटाळणारं जनावर. त्याला कुणी विंचरत नसे. पर्शियन मांजर मी पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्यातल्या कॅलेंडरवर. पांढरंशुभ्र, गोल तोंडाचं, गळ्याभोवती भरघोस आयाळ. पुढे मुंबईत मावशीच्या शेजाऱ्यांकडे तसंच एक मांजर भेटलं. हात लावला तर बोटं केसांत बुडाली. अंग कितीतरी खाली, लहानसं लागलं.

मग वाचनात पिएत्रो देल्ला वाल्ले आला. १६२० च्या सुमारास हा रोमचा प्रवासी इराणात होता. खोरासानच्या करड्या, रेशमी केसांच्या मांजरांनी तो इतका भुलला की त्यांची पैदास रोमला न्यायचा बेत त्याने पत्रात लिहून ठेवला. पुढे तो सुरतेला आणि गोव्यालाही येऊन गेला. पण आजचं पर्शियन मांजर मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेत घडलं. १८७१ मध्ये हॅरिसन वेअर यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं आणि रूपाला बक्षिसं मिळू लागली. जनुकांच्या तपासणीतही ही जात युरोपीय मांजरांच्याच जवळची ठरते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत केस वाढवले, नाक आखूड केलं.

त्या निवडीची किंमत मला रेशमाने शिकवली. मैत्रिणीचं कुटुंब परदेशी गेलं आणि त्यांची ही पर्शियन मांजरी माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी मी कंगवा घेऊन बसते. कानांमागे, काखेत, पोटाखाली जटा धरतात. त्या वाढल्या की कातडी ओढली जाते आणि चालतानाही दुखतं. म्हणून गाठ आधी बोटांनी सैल करायची, मग केस मुळाशी धरून टोकाकडून विंचरत यायचं. चपट्या चेहऱ्यामुळे अश्रूंची वाट वाकडी होते, डोळे पाझरतात. ते ओल्या कापसाने टिपायचे. उन्हाळ्यात तिचा श्वास लवकर चढतो, तेव्हा पंख्याखालची गार फरशी तिची.

उतारवयात ती फार पाणी पिऊ लागली, वजन उतरलं. सोनोग्राफीत मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी दिसल्या. पर्शियन मांजरांतला हा जुना आनुवंशिक आजार. त्याला कारण असलेला जनुकातला बदल २००४ मध्ये सापडला. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा एक गोष्ट मनात रुतून बसली. लांब केस यायला आई आणि बाप, दोघांकडून तो गुण यावा लागतो. या आजाराला मात्र एकाचाच वारसा पुरतो. केसांसाठी जोड्या जुळवणाऱ्यांनी इतकी वर्षं दोन्हीकडचे केस पाहिले. मूत्रपिंडं बाहेरून दिसत नाहीत.

आता मात्र ती पाहता येतात. जनुकचाचणी आहे, सोनोग्राफी आहे. म्हणून पर्शियन पिल्लू घ्यायचंय असं कुणी म्हणालं की मी रंगाचं बोलतच नाही. पिल्लाच्या आई-बापांची तपासणी झाली आहे का, ते विचारा. त्यातल्या त्यात लांब नाकाचं निवडा. आणि रोजचा अर्धा तास खरोखर देता येईल का, हे स्वतःला विचारा. हे रूप माणसाच्या हौशीतून आलं आहे, तेव्हा त्याची निगाही माणसानेच राखायची. रेशमाच्या अंगावरून कंगवा फिरवताना ती डोळे मिटून मान पुढे करते. एवढा विश्वास टाकणाऱ्या जिवाला निरोगी जन्म मिळावा, हे पाहणं आपल्या हातात आहे.