तीनशे पंचावन्न कुठून आले?

४०३ वजा १५८. चौथीच्या वर्गात फळ्यावर एवढं एकच उदाहरण लिहावं, मुलांना वहीत सोडवू द्यावं आणि वह्या गोळा करून शांतपणे वाचायला बसावं. बरोबर उत्तर २४५. पण वह्या उलटत गेलं की कुठे ३५५ भेटतात, कुठे २५५, कुठे २०५, एखाद्या वहीत २४६. परीक्षेचा पेपर असता तर या चौघांच्याही उत्तरावर लाल फुली पडली असती आणि चौघांनाही सारखाच भोपळा मिळाला असता. प्राथमिक शाळेतल्या मुलांना गणित कितपत आलं हे तपासणं आणि ते कसं तपासायचं हे शिक्षकांबरोबर बसून ठरवणं, हे माझं काम. त्यात मला बरोबर उत्तरांपेक्षा ही चुकलेली उत्तरं जास्त मोलाची वाटतात.

३५५ लिहिणाऱ्या एका मुलीला मी जवळ बसवून विचारलं, "कसं केलंस गं? मला सांगत सांगत कर." ती म्हणाली, "बाई, तिनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून तीन घालवले. पाच आले. शून्यातून पाच जात नाहीत, मग पाचातून शून्य घालवला." शेवटी चारातून एक गेला, तीन उरले. दुसरं उदाहरण दिलं, तेही तिने असंच सोडवलं, तिसरंही. म्हणजे ही नजरचूक नव्हती. नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं, हे पहिलीत कुणीतरी सांगितलेलं वाक्य तिने मनापासून पाळलं होतं. फक्त ते ती एककाच्या, दशकाच्या आणि शतकाच्या घरात वेगवेगळं लावत होती. तिच्या डोळ्यांसमोर चारशे तीन ही संख्याच नव्हती. चार, शून्य आणि तीन असे तीन सुटे अंक होते.

२५५ लिहिणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने शतक सुटं केलं, दहा दशक आणले, त्यातला एक दशक एककाला दिला, तेरातून आठ वजा केले. इथपर्यंत सगळं नीट. पण दशक देऊन झाल्यावर आपल्याकडे नऊच उरले, हे लिहायचं राहून गेलं आणि दहातूनच पाच गेले. हा मुलगा बरोबर उत्तराच्या उंबरठ्यावर उभा आहे. २०५ वाल्याच्या मते शून्य म्हणजे काहीच नाही, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून काय घेणार, म्हणून खाली शून्य. २४६ वाली बोटांवर मोजताना एकाने पुढे गेली. तिला नुसतं "परत बघ" म्हटलं तरी पुरतं.

आता या चौघांना 'कच्चे' म्हणून एका रांगेत बसवून वजाबाकीची आणखी वीस उदाहरणं दिली, तर काय होईल? पहिली मुलगी तीच चूक आणखी वीस वेळा करील आणि ती तिच्या हातात पक्की बसेल. तिला उदाहरणं नकोत, काड्यांचे गठ्ठे हवेत: शंभराचे चार, सुट्या तीन, आणि "यातून एकशे अठ्ठावन्न मला दे" असं म्हणणारं कुणीतरी समोर. दुसऱ्याला हाच व्यवहार एकदा काड्यांनी करून लगेच शेजारी आकड्यांत लिहायला लावलं, की बहुतेक वेळा एका तासात काम होतं. तिसऱ्याशी मात्र शून्याबद्दल बोलावं लागतं, आणि ते संभाषण लांबतं.

मुलांच्या पुष्कळ चुका अशा पद्धतशीर असतात, हे अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये फार बारकाईने मांडलं. वजाबाकीतल्या चुकांचे प्रकार शोधून, मूल कोणत्या चुकीच्या रीतीने चाललंय हे ओळखायचा सराव शिक्षकांना देणारा संगणक कार्यक्रम त्यांनी तयार केला. आपल्याकडच्या अनुभवी बाईही वही बघून हे क्षणात ओळखतात. फक्त त्या ओळखण्याला निकालपत्रकात रकाना नाही.

पेपर काढतानाच यातलं पुष्कळसं ठरून जातं. ६८ वजा ३५ हे बिनहातच्याचं उदाहरण घ्या. उत्तर ३३. आमच्या पहिल्या मुलीचंही उत्तर ३३च येणार, कारण इथे तिची चुकीची रीत आणि बरोबर रीत एकच उत्तर देतात. तेच आकडे फिरवून ६५ वजा ३८ विचारा. बरोबर उत्तर २७, तिचं पुन्हा ३३. घटक चाचणीत पहिल्या जातीची पाच उदाहरणं असली तर तिला पैकीच्या पैकी गुण पडतील आणि घरी सगळे खूश होतील. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत दोन अंकी वजाबाकी हातच्याचीच विचारतात, ती म्हणूनच. २००५ पासून घरोघरी जाऊन केली जाणारी ही पाहणी जिल्ह्याची स्थिती सांगते. अमुक मुलीला उद्या काय शिकवायचं ते तिच्या बाईंनाच शोधावं लागतं.

आपल्या राज्याने हे ओळखलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाठोपाठ ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिक (रोजच्या कामावरचं) ७० टक्के आणि संकलित (सत्राअखेरचं) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, असं पुढे सातवी-आठवीला उलट ४० आणि ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनं. लहान मुलाचं शिकणं रोजच्या कामातच दिसतं, हा त्यामागचा विचार मला आजही पूर्ण पटतो. घात झाला तो वर्णनात्मक नोंदींत. प्रत्येक मुलामागे, प्रत्येक विषयाला नोंद हवी म्हटल्यावर तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. 'गणितात विशेष रुची आहे', 'सरावाची आवश्यकता आहे'. मुलाचं नाव बदला, वाक्य तेच. दोन शिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचं काम सांभाळणाऱ्या शिक्षकाने दुसरं काय करायचं होतं? नोंदींची संख्या मागितली, संख्या मिळाली.

म्हणून मी शिक्षकांना सगळ्यांच्या सगळ्या नोंदी लिहा असं सांगत नाही. आठवड्यातून एकदा, नीट निवडलेलं एकच उदाहरण द्या. वह्यांवर गुण घालू नका. उत्तराप्रमाणे त्यांचे गठ्ठे करा. तीस वह्यांना दहा मिनिटं पुरतात. ज्या गठ्ठ्याचं कोडं उलगडत नाही त्यातल्या दोघा-तिघांशी बोला. गुण का नकोत? रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळांतला १९८८ चा अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा तो फायदा उरला नाही. वर्गात हे दिसतंच. वही हातात पडली की मूल आकडा बघतं, शेजाऱ्याचा आकडा बघतं आणि वही मिटतं.

हे सगळं आत्ता तातडीने म्हणायचं कारण पाचवीची परीक्षा. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष. मूल पुढे ढकलत नेलं की त्याचं नुकसान होतं, हे म्हणणाऱ्यांची कळकळ मला मान्य आहे. पण ४०३ वजा १५८ चौथीत चुकलं, तेव्हा ते कसं चुकलं हे कुणी पाहिलं नसेल, तर पाचवीत पुन्हा बसवल्याने ते सुधारणार कशाच्या बळावर? त्याच बाकावर, तीच रीत, आणखी वर्षभर.

चौथीतून पाचवीत जाताना मुलाबरोबर एक ओळ तरी जायला हवी. 'सरावाची आवश्यकता' नको. 'शतक सुटं करतो, पण एककाला दिलेला दशक कमी करायचं विसरतो', अशी ओळ हवी. अनेकदा पाचवी दुसऱ्या शाळेत असते, शिक्षक मुलाला ओळखत नसतात. ही ओळ वाचून त्यांना शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात काड्यांचे गठ्ठे काढून त्या मुलाजवळ बसता येईल, आणि त्यासाठी वार्षिक परीक्षेच्या निकालाची वाट बघावी लागणार नाही.